चुना की तैलरंग?

यंदा दिवाळीपूर्वी आमच्या घरी रंगावरून वाद माजला. ग्वाल्हेरच्या लष्करातील आमचे घर दगड-चुन्याचे, आजोबांच्या काळचे. चिरंजीवांस दिवाणखान्यास चकचकीत तैलरंग हवा. सौभाग्यवतींचाही त्यास पाठिंबा. मी एकटा चुन्याच्या बाजूचा.

माझ्या हट्टास कारण आहे. दहा वर्षांपूर्वी मीच हौसेने मधल्या खोलीस तैलरंग दिला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात त्यास फोड आले, पोपडे निघाले आणि आतील गिलाव्याचा भुगा गळू लागला. जुनी भिंत जमिनीतील ओल वर ओढते. चुन्याच्या सच्छिद्र लेपातून ती उडून जाते. तैलरंगाखाली मात्र कोंडते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार गिलावा फोडतात.

“किल्ल्यावरच्या मानमंदिरास पाचशे वर्षांपूर्वीच्या चकचकीत निळ्या फरशा आहेतच की!” चिरंजीव म्हणाले. मुद्दा बिनतोड वाटला खरा. पण राजा मानसिंह तोमरांच्या कारागिरांनी त्या पट्ट्यापट्ट्यांनी बसविल्या, दगडी भिंत मोकळी ठेवून.

अखेर दारे-खिडक्यांस तैलरंग आणि भिंतींस चुना, असे ठरले. चुन्यात नीळ किती घालावी, हे सौभाग्यवती ठरवतील. सध्या अंगणातील पिंपात कळीचा चुना रटरटतो आहे, आणि नातवंडांना त्यापासून दूर ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.