अडतं ते खतावर नाही, ओलीवर

मृग लागला की मेहकरच्या कृषी सेवा केंद्रांच्या पायऱ्यांवर एक वाद ठरलेला. एकजण म्हणतो, "रासायनिक खत सोडलं तर एवढ्या लोकसंख्येला खायला काय घालणार?" दुसरा तावातावानं म्हणतो, "खतानंच माती मेली, सगळं बंद करा आणि गाय पाळा." दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षं मिटत नाही. माझं म्हणणं एवढंच, की दुखतंय एकीकडे आणि दोघंही लेप लावतात भलतीकडे.

पहिल्या पक्षाची जमेची बाजू आधी मान्य करू. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ५ कोटी टन अन्नधान्य पिकत होतं. २०२२-२३ मध्ये ते ३३ कोटी टनांच्या आसपास पोचलं. लोकसंख्या जवळपास चौपट झाली, धान्य सहापटीहून अधिक. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेल्या पिढीला याचं मोल सांगावं लागत नाही. पण ही किमया एकट्या खताची नव्हती. सुधारित बियाणं, खत आणि पाणी या तिन्हींची होती, आणि पंजाबात पाणी हमखास होतं. आपल्याकडे पेनटाकळी, कोराडीसारखे प्रकल्प असले तरी बहुतेक शिवार आभाळाकडेच बघतं.

इथं पीक कधी मार खातं? ऑगस्टात, ऐन शेंगा भरायच्या वेळी, पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो तेव्हा. काळी जमीन उलते, भेगांत हात जाईल इतकी. त्या भेगांतून उरलीसुरली ओल उडते, मुळंही तुटतात. अशा रानात युरियाची आणखी एक बॅग रिकामी करून दाणा कसा भरणार? खत पिकाला लागतं ते पाण्यात विरघळूनच. त्यातून सोयाबीन तर आपलं नत्र बरंचसं स्वतःच कमावतं. फुलोऱ्याआधी एखादं झाड मुळासकट उपटून पाहा. मुळांवरची गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी-लालसर निघाली, तर समजावं की जिवाणू कामावर आहेत. वरून भरमसाट युरिया दिला की ते सुस्तावतात, झाड नुसतं माजतं आणि शेंगा कमी धरतात.

राहिला लोकसंख्येच्या पोटाचा प्रश्न. सोयाबीनच्या एका क्विंटलातून तेल निघतं जेमतेम १८ किलो. उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. ज्वारी, मूग, उडीद मागे सारून आपण सोयाबीन पेरलं ते पैशासाठी, आणि त्यात गैर काही नाही. पण मग त्यासाठी देशाच्या भुकेची शपथ घेऊ नये.

आता दुसरा पक्ष. श्रीलंकेनं एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं आणि नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, असा अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचा दावा आहे. शेतकऱ्याचा बियाण्या-खताच्या दुकानातला खर्च कमी व्हावा ही त्यांची तळमळ रास्त आहे. पण दर हंगामात पोत्यांतून स्फुरद, पालाश, जस्त रानाबाहेर जातं. शेण-गोमूत्राच्या जीवामृतातले जिवाणू जमिनीत अडकलेलं स्फुरद मोकळं करतील; नसलेलं कुठून आणतील? ज्या खात्यातून नुसतं काढतच राहायचं, ते कधीतरी रिकामं होणारच.

मग करायचं काय? इथलं धान्य ओलीवर अडतं हे एकदा मानलं, की पुढची कामं आपोआप सुचतात. काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं बसवली, त्याला आता चार दशकं उलटून गेली. वरंब्यावर सोयाबीनचे चार तास, दोन्ही बाजूंना सरी. धो धो पाऊस आला तर जादा पाणी सरीतून निघून जातं आणि पीक पिवळं पडत नाही. पावसानं ओढ दिली तर सरीत मुरलेलं पाणी कामी येतं. यंत्र नसेल तर उभ्या पिकात डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी पाडता येते.

नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रुजवलेलं 'सगुणा' तंत्र आता सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यातही पोचलं आहे. कायमचे गादीवाफे, नांगरट नाही, बी टोकून लावायचं, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यात तणनाशक वापरतात, म्हणून कट्टर सेंद्रियवाले नाक मुरडतात. मुरडोत. मुळं कुजून माती भुसभुशीत होते आणि ओल धरते, हे महत्त्वाचं.

जोडीला तूर हवीच. सोयाबीनच्या चार तासांमागे तुरीचे दोन. ऑक्टोबरात सोयाबीनची सुडी लागते, तेव्हा तुरीचं मूळ खालची ओल शोधत असतं. सोयाबीन बुडालं तर तूर तारते, आणि ती माणसाच्याच ताटात जाते. खत बंद करायचं नाही, पण माती तपासून, लागेल तेवढंच द्यायचं.

"बोलायला सोपं आहे, टोकणीला मजूर कुठून आणू?" हा आक्षेप मात्र खरा आहे. कुटार न पेटवता रानात पसरायलाही हात लागतात. म्हणून सगळ्या शेतात प्रयोग नकोच. धुऱ्यालगतचा एक एकर घ्या, शेजारी नेहमीसारखं पेरा, आणि मळणीला दोन्हींची झडती आणि दोन्हींचा खर्च एकाच वहीत मांडा. वादाचा निकाल त्या वहीतच लागेल.

तोवर एक हिशेब पुरे. एकरभर रानावरून सेंटिमीटरभर माती धुपली, तर ती भरते सुमारे ५० टन. पहिल्या मोठ्या पावसानंतर मेहकरच्या पुलावर उभं राहून पैनगंगेचा गढूळ लोंढा पाहा. त्यात पाण्याबरोबर वाहून जातं ते आपलंच रान असतं, आणि तेवढी माती कुठल्याच कृषी सेवा केंद्रात बॅगेनं विकत मिळत नाही.