त्याच बोटीवर, पुन्हा एकदा

आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीत (पत्त्यावर एवढं लांबलचक, एरवी नुसतं ‘एमबीझेड’) हिवाळा सुरू झाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘या वर्षी इंडियाला कधी?’ आणि दुसरा, ‘आई-बाबा इकडे येणार का?’ २०२२च्या हिवाळ्यात आम्ही तिसरंच उत्तर दिलं. म्हटलं, आम्ही बोटीवर जाणार. एक आठवडा नाही, दोन. आणि दोन्ही आठवडे त्याच बोटीवर, त्याच वाटेने!

मझ्याद मॉलमध्ये भेटलेल्या एका वहिनींनी हे ऐकून ट्रॉली थांबवली. “अहो, तेच बंदर दोनदा बघायचं? म्हणजे शिर्डीला जाऊन आल्यावर लगेच पुन्हा शिर्डी?” आम्ही हसून वेळ मारून नेली. पण नंतर इतक्या जणांनी खोदून खोदून विचारलं, की एकदा सविस्तर लिहून टाकावं असं ठरवलं.

ह्या प्रकाराला क्रूझच्या धंद्यात ‘बॅक टू बॅक’ म्हणतात. एक सफर संपते त्याच दिवशी त्याच बोटीची पुढची सफर सुरू होते, आणि आपण उतरायचंच नाही. आखाती समुद्रातला मोसम साधारण नोव्हेंबर ते मार्च. ह्या काळात मोठमोठ्या बोटी इथे सात-सात रात्रींच्या फेऱ्या घालतात. आमची वाट होती अबू धाबी, सर बनी यास बेट, दोहा, दुबई आणि परत अबू धाबी. मधे एखादा दिवस नुसतं पाणीच पाणी. अबू धाबीच्या झायद बंदरात डिसेंबर २०१५ पासून क्रूझसाठी कायमचं टर्मिनल आहे. त्यामुळे एमबीझेडहून टॅक्सीने निघालं की पाऊण तासात आपण बोटीच्या शिडीपाशी! मुंबईच्या विमानासाठी सुद्धा एवढ्या सुखाने आम्ही कधी निघालेलो नाही.

आता दोन आठवडे का, ते सांगतो. कारण आई. आई मालवणच्या, वय पंचाहत्तरच्या आसपास, गुडघे कुरकुरणारे. इकडे आल्या की आम्ही दोघं कामावर आणि त्या चार भिंतींत. शनिवार-रविवार मॉल, फार तर कॉर्निश. “तुमच्याकडे येते म्हणजे काय, तुमच्या सोफ्याकडे येते,” असं त्या एकदा म्हणाल्या आणि ते आम्हांला लागलं. त्यांना फिरवायचं तर रोज नवं हॉटेल आणि रोज बॅग भरणं झेपणारं नव्हतं. बोटीवर बॅग एकदाच उघडायची, आणि गावं आपल्या दाराशी येतात. एका आठवड्यात त्यांना जेमतेम लिफ्ट कुठली ते कळेल, म्हणून दोन.

पण आई बोटीला घाबरत होत्या. त्यांच्या पिढीचं आणि बोटीचं नातं आपल्या ध्यानात येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातल्या अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आईंचा जन्म त्यानंतरचा, पण किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात ती गोष्ट मुलांना ऐकवली गेली. पुढे १९६०च्या दशकात त्या स्वतः मालवणहून मुंबईला बोटीने गेल्या. बोट बाहेर खोल पाण्यात थांबे, आणि होडीतून तिच्यापर्यंत जायचं. होडी वर-खाली, बोटीची शिडी वर-खाली, आणि मधे ट्रंक, आंब्याची पेटी आणि माणूस! रात्रभर डेकवर चटई टाकून पडायचं. “मला बोट लागते,” हे त्यांचं ठाम मत तेव्हापासूनचं.

ह्या आपल्या आखाताच्या पाण्याचीही तशीच एक आठवण आहे. मुंबईहून आखातात येणारी माणसं एके काळी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींनीच येत. त्यांतल्या ‘दारा’ बोटीवर ८ एप्रिल १९६१ला दुबईजवळ स्फोट होऊन २३८ माणसं दगावली. ह्या मार्गावरची शेवटची बोट ‘द्वारका’ १९८२ साली थांबली. ‘गांधी’ चित्रपटात आफ्रिकेहून येणारी बोट दिसते ना, ती हीच. त्या डेकवरून वळकट्या घेऊन आलेल्या माणसांच्या पाण्यात आज आपण स्विमिंग पूल आणि आइस्क्रीम घेऊन फिरतो. आईंना हे सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

असो. आता थोडं कामाचं बोलू या.

पहिली गोष्ट, ‘दोन आठवडे’ असं एक तिकीट नसतं. दोन वेगळी बुकिंग, दोन नंबर, दोन पावत्या. त्यामुळे दोन्हींची केबिन एकच हवी हे आपण होऊन सांगावं लागतं आणि दोन्ही बुकिंग एकमेकांशी जोडून घ्यावी लागतात. ते उशिरा सुचलं तर पहिला आठवडा नवव्या मजल्यावर आणि दुसरा अकराव्या, असं होतं. तसं झालं तरी फार बिघडत नाही. हँगरवरचे कपडे बोटीवरची मुलंच उचलून नेतात. पण वयस्कर माणसाला सवयीची खोली आणि सवयीचं बाथरूम सोडावं लागतं, ते टाळता आलं तर बरं.

दुसरी गोष्ट पैशाची. दोन सफरी घेतल्या म्हणून आपोआप सवलत मिळते असा समज करून घेऊ नका. दर मागणीवर ठरतो. आमचा पहिला आठवडा नाताळच्या सुट्टीतला, म्हणून महाग. दुसरा शाळा उघडल्यानंतरचा, म्हणून बराच स्वस्त. दोन्हींची सरासरी काढली तेव्हा जमलं. शिवाय इंटरनेट आणि पेयांची पॅकेजेस सफरीपुरती असतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी हिशोब मिटतो आणि नव्या आठवड्याला नवं खातं उघडतं. टिप म्हणून रोजची जी रक्कम धरतात, ती चौदा दिवसांची धरून ठेवावी. आणि एक सफर रद्द केली तर दुसरी आपोआप रद्द होत नाही, हे विमा काढताना ध्यानात असू द्या. विमाही पूर्ण मुदतीचा हवा, आणि औषधं चौदा दिवसांहून चार दिवस जास्तीची.

तिसरी गोष्ट व्हिसा, आणि इथे आमचं सगळंच बुडायची वेळ आली होती. आईंचा व्हिजिट व्हिसा आम्ही नेहमीप्रमाणे सिंगल एंट्रीचा काढला. दोन्ही आठवड्यांचे पैसे भरून झाले होते आणि मालवणात नातलगांना सांगूनही झालं होतं. मग एका रात्री जेवताना बोटीचा नकाशा बघत होतो आणि घास हातातच राहिला. सर बनी यास आपल्याच देशात, पण दोहा म्हणजे परदेश! बोट दोह्याला गेली की आईंचा प्रवेश संपला. दुबईला परत येणं म्हणजे नवा प्रवेश, आणि दोन आठवड्यांत हे दोनदा. अशा कागदांवर आईंना झायद बंदरावरच थांबवलं असतं. आम्ही दोघं रेसिडेन्सीवाले, आमचं काही अडलं नसतं. म्हणजे आम्ही बोटीवर आणि आई शिडीखाली! ज्याने बुकिंग केलं त्याला विचारलं, तर “तुम्ही सांगितलं नाही, त्या बाहेरून येणार आहेत,” हे उत्तर. त्याचंही खरं आणि आमचंही खरं. सुदैवाने आई अजून मालवणातच होत्या. पहिल्या व्हिसाचे पैसे पाण्यात गेले, पण मल्टिपल एंट्रीचा व्हिसा विमानाच्या पाच दिवस आधी हातात पडला. ते पाच दिवस येईपर्यंत आम्ही एकमेकांशी धड बोलत नव्हतो. तेव्हा मंडळी, आई-वडिलांना न्यायचं असेल तर आधी देशाबाहेर किती वेळा जाणं आणि किती वेळा परत येणं होतं ते बोटांवर मोजा, मग पैसे भरा. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियमही बुकिंग करतानाच लेखी मागून घ्या.

अमेरिकेतल्या भावा-बहिणींकडे जाऊन हा बेत करणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथे १८८६ सालचा एक कायदा अजून लागू आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून माणूस घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवायचा नाही, मधे दूरचं परदेशी बंदर लागल्याशिवाय. म्हणून अलास्कातून व्हँकुव्हर ही सफर चालते, व्हँकुव्हरहून लॉस एंजेलिस हीही चालते. पण त्याच बोटीवर दोन्ही लागोपाठ केल्या तर कायदा त्यांना एकच प्रवास धरतो आणि अडवतो. वेगवेगळे कायदेशीर असलेले दोन आठवडे जोडले की बेकायदा होतात, ही गंमत आम्हांला फार आवडली!

तर आई आल्या, बोटीवर चढल्या. पहिले तीन दिवस “मला काही नको” चाललं होतं. बुफेत एवढं अन्न बघून त्या दही-भात शोधत. बोट त्यांना लागली नाही. एवढं मोठं धूड, हलल्याचं कळतच नाही. सर बनी यासला काठी टेकत किनाऱ्यावर उतरल्या, पाण्यात पावलं बुडवली, आणि “पाणी आपल्यासारखंच खारट आहे की,” म्हणाल्या. ह्या बेटावर शेख झायद यांनी प्राण्यांसाठी अभयारण्य केलं, तिथे अरबी ओरिक्स हरणं आहेत, असं आम्ही सांगितलं. त्यावर, “चांगलं केलं, माणसाने काहीतरी राखावं,” एवढंच. पाचव्या दिवशी मात्र सकाळी उठून बघतो तर आई खोलीत नाहीत! धावाधाव. सापडल्या त्या डेकवर, खुर्ची टाकून, चहाचा कप घेऊन. लिफ्टने एकट्या गेल्या होत्या.

सातव्या दिवशी बोट अबू धाबीला लागली. आमच्यासारखे राहणारे थोडेच होते. आम्हांला ट्रान्झिटचं कार्ड मिळालं, जुनी खोलीची कार्डं जमा केली, नवी घेतली. आम्ही दोघं म्हटलं, चार तास आहेत, घरी जाऊन येऊ; तुळशीला पाणी घालू, पत्रं बघू. आईंना विचारलं, “येता?” तर म्हणाल्या, “मी नाही उतरत. तुम्ही जाऊन या.” ज्या बाईला आम्ही मिनतवारीने चढवलं होतं, ती उतरायला तयार नाही! आम्ही एमबीझेडला गेलो, तुळशीला पाणी घातलं, आणि सुट्टीतून अशी सुट्टी घेऊन घरी आल्याबद्दल स्वतःलाच हसलो.

परतलो तेव्हा आमच्या खोलीची चादर बदलणारा मुलगा आणि आई गप्पा मारत होते, चक्क मालवणीत. “तू खंयचो रे?” ह्या एका प्रश्नावर आईंनी त्याचा पत्ता काढला होता. मुलगा वेंगुर्ल्याचा. आपल्या किनाऱ्यावरचे आणि गोव्याचे कितीतरी मुलगे अशा बोटींवर आहेत. आठवडाभर तो आमच्याशी इंग्रजीत बोलत होता आणि आम्हीही त्याच्याशी! आईंनी त्याला विचारलं होतं, की आज सगळे उतरले, तुझी सुट्टी कधी? तो म्हणाला, “आजये, माका खंयची सुट्टी? हे गेले, आता दुसरे येतले. नऊ म्हयने ह्याच.” नऊ महिन्यांचं त्याचं काँट्रॅक्ट, सहा झाले होते. सकाळी एक कुटुंब जातं, दुपारी दुसरं येतं, मधल्या वेळात चादरी. खरं ‘बॅक टू बॅक’ तो करत होता. आम्ही दोन आठवड्यांचे हौशी.

दुसरा आठवडा आईंचा होता. जेवण तेच, नाचगाणी तीच, बंदरं तीच. पण आता त्यांना टेबल ठाऊक होतं, वाढपी ठाऊक होते, डेकवरची सावलीची खुर्ची ठाऊक होती. दोह्याला त्या उतरल्याच नाहीत. “एकदा बघितलं. आज बसू दे.” आम्हीही बसलो. दोघं त्यांच्याबरोबर दिवसभर नुसते बसलो, असं ह्यापूर्वी कधी घडलं होतं ते आठवेना. तेव्हा वहिनी, तुमच्या शिर्डीच्या प्रश्नाचं उत्तर हे. पहिली फेरी बघण्याची, दुसरी बसण्याची.

अशाच एका दुपारी त्या म्हणाल्या, “तुम्हीपण दोनच वर्षं म्हणून आला होतात ना रे? मग आणखी दोन, मग आणखी दोन. तुमचंही त्या पोरासारखंच. बोट तीच, तिकीट नवीन.” आम्ही समुद्राकडे बघत राहिलो. ह्याला उत्तर नव्हतं, आणि त्यांना ते नकोही होतं.

बोटीवरून उतरताना आईंनी त्या मुलाच्या हातात लाडवांचा डबा ठेवला. मालवणहून आमच्यासाठी आणलेला, आम्ही न उघडलेला! मार्चमध्ये त्या परत गेल्या.

त्यानंतर आमच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद आले. फोनवर आईंना सांगितलं, आणखी दोन वर्षं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “खोली तीच ना? मग सामान कशाला हलवताय!” हे त्यांनी मनापासून म्हटलं की टोमणा मारला, ते आम्हां दोघांना अजून ठरवता आलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला कळलं तर जरूर कळवा.