डबक्यात जन्मलेला दर्यावर्दी

पावसाच्या दोन सरींमध्ये ऊन पडले की बेळगावच्या मोकळ्या माळांवर डोक्याइतक्या उंचीवर पिवळसर चतुरांचे थवे तरंगू लागतात. हे चतुर कोणते, नि एरव्ही राहतात कोठे, असा प्रश्न पुष्कळांस पडतो.

प्रथम ओळख. बसताना पंख आडवे पसरतो तो चतुर. बहुधा पाठीवर मिटून घेते ती टाचणी. तळ्याकाठच्या काडीवर ठाण मांडणारा लालभडक चतुर निराळा, आणि गटाराकाठचा नारिंगी पंखांचा तोही निराळा. आमचा हा पाहुणा सोनेरी-पिवळ्या अंगाचा. पंख पारदर्शक, मागचे पंख मुळाशी चांगलेच रुंद; त्यामुळे वाऱ्यावर तरंगणे त्यास सोपे जाते. तो क्वचितच बसतो, आणि बसला तरी फांदीस उभा लोंबकळतो. फाब्रिसिअस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’ हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव.

आता त्याच्या घराविषयी. पावसाने साचलेले उथळ डबके हेच त्याचे जन्मस्थान. तेथे मासे नसतात, म्हणून पिलांस भय कमी. डासांच्या अळ्या व इतर जलकीटक खाऊन ती साधारण दीड-दोन महिन्यांत पूर्ण वाढतात, आणि डबके आटण्यापूर्वी पंख पसरून निघून जातात.

जातात कोठे? गोड्या पाण्याची वानवा असलेल्या मालदीव बेटांवर दर ऑक्टोबरात हे चतुर अवतरतात. सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी तेथील निरीक्षणांवरून २००९ साली असे प्रतिपादन केले की, वाऱ्याचा आधार घेत हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेस जातात. गेलेला चतुर मात्र परतत नाही. पुढील पावसाळ्यात येतात ते त्याचे वंशज.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. मुले ज्यास शेपूट समजून दोरा बांधतात, ते चतुराचे पोट असते. त्या ओझ्याने त्याचे उड्डाणच संपते. हा खेळ घरोघरी थांबवावा. आणि सारे मैदान फरशीखाली घालण्यापूर्वी पावसाचे पाणी दीड-दोन महिने थांबेल असा एखादा कोपरा तरी राखावा. समुद्र ओलांडण्याचे बळ ज्याच्या पंखांत आहे, त्यास जन्मापुरते वीतभर पाणी आपण सहज देऊ शकतो.