निःस्वार्थी नायकाची सोय

‘पाश्चात्त्य नायक स्वार्थप्रेरित, आपला नायक निष्काम’ हे विधान मराठीच्या वर्गांत आणि चर्चासत्रांत आपण इतक्या सहजपणे करतो, की त्याला पुरावा लागतो याचाच विसर पडला आहे. नागपुरात एम.ए.ला शिकविताना मीही ते केले आहे. तेव्हा हा आरोप प्रथम स्वतःवर. पुरावा म्हणून हटकून उभा केला जातो तो हॉलिवूडच्या ‘वेस्टर्न’मधील बंदूकधारी. पैसे घेऊन लढणारा, कुणाचाच नसलेला. हे चित्रपट ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले आहेत त्यांनी तरी हे विधान सोडून द्यावे.

फ्रेड झिनेमनचा ‘हाय नून’ (१९५२) घ्या. मार्शल विल केनचे नुकतेच लग्न झाले आहे, पद सोडून तो गावाबाहेर पडलाही आहे. त्याने पकडून दिलेला फ्रँक मिलर बाराच्या गाडीने येतो आहे हे कळल्यावर तो परततो. पळालो तर ते माग काढीत येतीलच, हा त्याचा एक हिशेब आहे. म्हणजे स्वार्थ आहेच. पण चित्रपट झडती घेतो ती गावाच्या स्वार्थाची. चर्चमध्ये केनची तोंडभर स्तुती करणारा गृहस्थच बजावतो, की रस्त्यावर गोळीबार झाला तर बाहेरचे भांडवल गावात येणार नाही. सारे संपल्यावर केन आपला बिल्ला धुळीत टाकतो. त्यागमूर्ती असे करीत नाही. ज्याला काही अपेक्षा होती तोच असे करतो.

जॉन स्टर्जेसच्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये (१९६०) सातजणांचा मोबदला ठरतो सहा आठवड्यांसाठी माणशी वीस डॉलर. त्यांतला हॅरी या क्षुल्लक रकमेमागे दडलेले सोने असणार, अशी स्वतःची समजूत घालून येतो. लाभ नाही असे दिसल्यावर तो निघून जातो, पुन्हा परततो आणि मरतो. मरताना तो सोन्याविषयीच विचारतो, आणि क्रिस त्याला खोटेच ‘होते’ म्हणून सांगतो. स्वार्थाचे नाव घेतल्याशिवाय ज्याला चांगले वागता येत नाही, अशा माणसाचे याहून नेमके चित्र आपल्या किती कादंबऱ्यांत आहे?

आता आपल्याकडे वळू. तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’तील मास्तर गावात उपरा म्हणून येतो. वेस्टर्नचा नायक असाच येतो. पण मास्तर हिंदुरावाच्याच वाड्यावर त्याचेच अन्न खातो, त्याचीच दारू पितो, आणि तरीही मारुती कांबळेचे काय झाले हे विचारायचे सोडत नाही. तो सोवळा असता तर त्याच्या प्रश्नाला ही धार आली नसती. आमच्या नागपुरातच घडणाऱ्या नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) विजय बोराडे झोपडपट्टीतल्या मुलांना आरंभी पैसे देऊन फुटबॉल खेळवितो. पैसे थांबतात तेव्हा मुले खेळायचे म्हणून खेळू लागतात. मोबदल्याने इथे कुणाला विटाळले नाही. त्याने दार उघडले.

कुणी गीतेचा हवाला देईल. अवश्य द्यावा, पण ‘गीतारहस्य’ (१९१५) उघडून द्यावा. टिळकांनी चार्वाकापासून हॉब्ज, मिलपर्यंत स्वार्थ-परार्थाच्या पायऱ्या किती काटेकोरपणे वेगळ्या केल्या आहेत! त्यांचे उत्तर आपल्याला पटो वा न पटो, ‘ते स्वार्थी, आपण निःस्वार्थी’ अशी भौगोलिक वाटणी त्यांनी केलेली नाही. ती आपण केली.

का केली? कारण निःस्वार्थी नायक ही प्रेक्षकांची सोय आहे. जो काही मागत नाही त्याचे आपण काही देणे लागत नाही. त्याला हार घालावा, त्याच्यावर गौरवग्रंथ काढावा आणि घरी जावे. दाम मागणारा मात्र आपल्याला हिशेबाला बसवितो.

हा वाद केवळ पडद्यापुरता असता तर इतके लिहिले नसते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आज कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवितात. तास झाला तर मानधन, सुटी लागली की शून्य. शब्द पाहा: वेतन नव्हे, ‘मानधन’. दर शिक्षकदिनी त्यांच्यासमोर अध्यापन हे व्रत आहे, असे सांगितले जाते. सांगणारे बहुधा पूर्ण वेतनावरचे असतात, आणि त्यांत मीही आलो. टाळ्या वाजविणाऱ्यांत ज्यांची मागच्या सत्राची बिले निघालेली नाहीत तेही असतात. निष्काम नायकाचे जे कौतुक आपण वर्गात शिकवितो, तेच इथे दुसऱ्याचे पैसे बुडवायला उपयोगी पडते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘आपला नायक निष्काम’ असे फळ्यावर लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. त्याच्या निष्कामतेचा लाभ कुणाला झाला? विद्यार्थ्यांना उत्तर सापडेल. अडचण आपली होईल.