मेलेल्याची बाजू कोण मांडणार?



फ्लोरिडाच्या २००५ च्या कायद्यासारखा कायदा आपल्याकडेही हवा, ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची मागणी मला अजिबात पटली नाही. जिवावर बेतल्यासारखे वाटले तर माणसाने मागे हटलेच पाहिजे असे नाही, हे त्या कायद्याचे सार. पण दोघांनाही एकमेकांची भीती वाटली तर?

२६ फेब्रुवारी २०१२ ची रात्र. फ्लोरिडातल्याच सॅनफर्ड शहरात सतरा वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन शीतपेय आणि स्किटल्सचे पाकीट घेऊन दुकानातून परतत होता. वस्तीवर स्वयंसेवक म्हणून लक्ष ठेवणाऱ्या जॉर्ज झिमरमनला त्याचा संशय आला, त्याने पोलिसांना फोन लावला. पाठलागाची गरज नाही, असे पलीकडून सांगितले गेले. पुढे झटापट झाली आणि झिमरमनने गोळी झाडली. अंधारात अनोळखी माणूस मागे लागला म्हणून त्या मुलाने हात उचलला असेल, तर तेही स्वसंरक्षणच की! ते सांगायला तो उरला नाही. जुलै २०१३ मध्ये ज्यूरीने झिमरमनला निर्दोष ठरवले. बचाव पक्षाने या कायद्याखाली खटल्यापूर्वीची सुनावणी मागितली नव्हती, हे खरे; पण मागे हटण्याचे बंधन नाही, हे ज्यूरीला दिलेल्या सूचनांत होतेच.

आपल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क देत नाही, आणि बचावापुरतीच इजा मान्य करते. या कलमाला कुणी हात लावू नये.

– एक वाचक, सातारा