बोल्ट नाही म्हणून काय झाले?

रविवारी सकाळी गाडी पुसण्याचे काम आमच्या घरी मुलीकडे असते. ती अकरावीला आहे. तीन आठवड्यांपूर्वी पुसता पुसता तिने विचारले, "बाबा, हे भोक रिकामं काऊन हाये?" मी पेपर वाचत होतो. "असंल कशाचं तरी," म्हणून मी मोकळा झालो. पण ती हटेना, म्हणून उठून खाली वाकून पाहिले. इंजिनला पुढच्या बाजूने चेसिसशी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी असते. तिच्या वरच्या भोकात बोल्ट होता. खालच्या भोकातून पलीकडची भिंत दिसत होती.

दोन महिन्यांपूर्वी इंजिन खोलून काम केले होते, तेव्हाच तो बोल्ट बसवायचा राहिला असणार. वाचकहो, मी कारकून माणूस. व्हाउचरचा एक नंबर मध्येच गळाला तर मी पुढचे पान उलटत नाही. पण एक बोल्ट गळालेल्या गाडीवर आईला मागे बसवून आर्णीहून यवतमाळला डोळे दाखवायला दोनदा नेले. जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, तेही नागपूर-तुळजापूर महामार्गाने. बाजूने ट्रक जात होते.

खुणा नव्हत्या असेही नाही. आरशात मागचे वाहन थरथरत दिसायचे. पायदानावर पायाला मुंग्या यायच्या. क्लच सोडताना खालून 'टक्' असा आवाज यायचा. हा रस्त्याचा दोष असावा असे मी धरून चाललो होतो. महामार्ग चौपदरी झाला आहे, तेव्हा रस्त्याला तरी किती दोष द्यायचा?

गॅरेजवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "बाकीचे हायेत ना साहेब, एका बोल्टानं काय होते?" हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

शंभर सी.सी.चे इंजिन काही फार जड नसते, दोन माणसे सहज उचलतात. तेवढे वजन उरलेले बोल्ट पेलतील. पण बोल्टचे काम फक्त वजन पेलण्याचे नाही. इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला सहासष्ट-सदुसष्ट फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो. त्याचा हादरा चेसिसला बसतो. शिवाय गिअर टाकला की चेन इंजिनला मागच्या चाकाकडे ओढते. बोल्ट घट्ट असेल तर पट्टी आणि इंजिन एकमेकांवर दाबून बसतात, सरकत नाहीत. एक निघाला की तेथे किंचित हालचाल सुरू होते, उरलेल्या बोल्टवर ताण वाढतो, तेही ढिले होतात, भोके लांबट होतात आणि शेवटी पट्टीला किंवा चेसिसच्या वेल्डिंगला तडा जातो. काही गाड्यांत, उदाहरणार्थ होंडा शाइनमध्ये, इंजिनखालून चेसिसचा पाइप जातच नाही. तेथे इंजिन हाच चेसिसचा एक दुवा असतो. अशा गाडीत तर ही गंमत मुळीच चालणार नाही.

दुपारी मी हार्डवेअरच्या दुकानातून बसेल असा एक बोल्ट आणला. चकचकीत होता. आमच्या शेजारी एक निवृत्त फिटर काका राहतात. त्यांनी तो हातात घेतला, डोके उलटसुलट पाहिले आणि परत दिला. "याच्या डोक्यावर आकडा कुठाय? हा कपाटाला लाव."

आकड्याची गोष्ट मलाही नवी होती. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 असे कोरलेले असते. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तो किती ताणाला तुटेल ते कळते, म्हणजे 800 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. पुढचे .8 म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, 640 पर्यंत, तो ताणला तरी मूळ लांबीवर परत येतो. साधा 4.6 चा बोल्ट 400 ला तुटतो आणि 240 लाच कायमचा लांबतो. म्हणून साध्या बोल्टला पुरेसे आवळताच येत नाही. आवळावे तर तो लांबतो, न आवळावे तर ढिला होतो.

दुसरी भानगड आट्यांची. 8 मि.मी.च्या बोल्टला दोन आट्यांमधले अंतर बहुधा 1.25 मि.मी. असते. पण 10 मि.मी.मध्ये हार्डवेअरकडे 1.5 मिळतो आणि जपानी पद्धतीच्या गाड्यांना 1.25 लागतो. चुकीचा नट एक-दोन फेरे जातो, मग अडतो. तेथे जोर केला की आटे गेले. त्यामुळे शेजारच्या भोकातला बोल्ट काढून नमुना म्हणून नेणे आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून गाडीचे मॉडेल सांगून कंपनीचाच घेणे बरे. मला तो पन्नास रुपयांच्या आत पडला. लांबी अशी हवी की नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसतील. भोकात बसणारा भाग गुळगुळीत असावा. तेथे आटे आले तर ते भोक कुरतडतात.

बसवायचे काम काकांनी सांगितले, मुलीने केले, मी बॅटरी धरली. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक. भोकाजवळचा चिखल ब्रशने काढून तडा आहे का ते आधी पाहिले. नव्हता. असता तर बोल्ट न लावता आधी चेसिस चांगल्या वेल्डरला दाखवावी लागली असती. मग बाकीचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिले केले आणि जॅक हळूच वर घेतला, तेव्हा भोके समोरासमोर आली. बोल्ट हाताने सरकला पाहिजे. मी हातोडी आणायला निघालो होतो, त्यावर काकांनी केवळ पाहिले. वायसर, नवा लॉकनट, आणि मग सगळे बोल्ट पुन्हा आवळले. 8 मि.मी.च्या 8.8 बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. टॉर्क पाना काकांकडे होता. लांब पाइप लावून आवळू नये.

शेवटी मुलीने नट आणि पट्टी यांवरून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. शंभर किलोमीटर झाल्यावर पाहायचे ठरले होते. काल सावळी सदोबाहून आल्यावर तिने बॅटरी घेऊन पाहिले. रेघ सरळ आहे. आईला पुढच्या महिन्यात पुन्हा यवतमाळला न्यायचे आहे. तोवर मुलीने गल्लीतल्या चार गाड्या तपासल्या आहेत. एका गाडीचा सायलेन्सरचा नट नाही, आणि मालकाचे म्हणणे, एका नटाने काय होते.