पायरी चढावीच लागली तर



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे वाडवडील सांगून गेले. पण ज्याचे शेत तलावाखाली गेले, कालव्यात गेले, रस्त्यात गेले, त्याला पायरी चढायची की नाही हे कोणी विचारले? भूसंपादन अधिकाऱ्याने निवाडा दिला आणि काळ्या जमिनीला बरड माळाचा भाव लावला. शेतकरी १८९४ च्या कायद्याच्या कलम १८ खाली जिल्ह्याच्या कोर्टात गेला. वर्षानुवर्षे तारखा केल्या, एसटीचे भाडे भरले, तेव्हा कुठे भाव वाढवून मिळाला. तो आनंद पुरता भोगायच्या आत सरकार हायकोर्टात अपिलात गेले. नागपूरची नाहीतर औरंगाबादची इंग्रजी नोटीस घरी येते, आणि कॉलेजात जाणारा पोरगाही ती वाचून गप्प बसतो.

म्हणून गेल्या काही बैठकांत आम्ही हाच विषय ठेवला. ज्यांची अपिले निकाली निघाली त्यांनी उठून सांगावे, वरच्या कोर्टातला वकील कसा निघाला, त्याने काय केले आणि आपले काय चुकले. नाव कोणाचेच घ्यायचे नाही. लोक मोकळेपणाने बोलले. त्यातून जे निघाले ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे.

एका कापूसवाल्या शेतकऱ्याने सांगितले, "मी पिशवीभर कागद घेऊन गेलो. वकिलाने माझी कहाणी ऐकलीच नाही. म्हणाला, कागद ठेवा, आठ दिवसांनी या. मला राग आला. आठ दिवसांनी गेलो तर त्याला माझी केस माझ्यापेक्षा जास्त पाठ होती." त्या वकिलाने आधी काय सांगितले? "तुमच्या विहिरीबद्दल खालच्या कोर्टात कोणी एक शब्द बोललेले नाही. वर नवा पुरावा सहसा चालत नाही." शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. पण वकील पुढे म्हणाला, "सरकारच्याच संयुक्त मोजणीच्या कागदात तुमची विहीर आणि संत्र्याची झाडे नोंदलेली आहेत. तो कागद निशाणी लागून पडला आहे. खाली त्याच्याकडे कोणी पाहिले नाही." अपील त्या एका कागदावर उभे राहिले. ओलिताचा भाव मिळाला.

यातून काय घ्यायचे? जिनात रुई आणि सरकी वेगळी होते, पण गाडीत न आणलेला कापूस जिनात पिकत नाही. अपिलाचेही तसेच आहे. खालच्या कोर्टात जे कागद आले, जे साक्षीत सांगितले, त्याच्यावरच वर भांडायचे असते. नवा पुरावा वर घेता येतो, पण त्याला सबळ कारण लागते. म्हणजे हायकोर्टाच्या वकिलाची तयारी खालच्या कोर्टात साक्ष देताना सुरू होते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद, पीकपाहणी, शेजारच्या जमिनीची खरेदीखते, फेडरेशनला कापूस घातल्याच्या जुन्या पावत्या, ज्वारी बाजार समितीत विकल्याच्या पट्ट्या. हे सारे खालीच दाखल झाले पाहिजे. हुशार वकील कागद वाचतो, कागद पैदा करत नाही.

दुसरा अनुभव एका विधवा बाईंचा. सरकारने अपील केले आणि वाढीव रकमेवर स्थगिती मागितली. बाईंना वाटले, आता पैसा बुडाला. त्यांच्या वकिलाने दोन गोष्टी केल्या. सरकारने रक्कम कोर्टात भरावी तरच स्थगिती द्या, असे म्हणणे मांडले. रक्कम भरली गेल्यावर त्यातला भाग हमीवर काढून मिळावा म्हणून अर्ज केला. अपील चालू असतानाच बाईंच्या हातात काही पैसा आला आणि मुलीचे लग्न सावकाराशिवाय झाले. आणि त्या वकिलाने विचारले, "नुसते वाचवायचे की आणखी मागायचे?" सरकारच्या अपिलात शेतकऱ्यालाही उलट हरकत घालून जास्त भाव मागता येतो, पण सुनावणीची नोटीस मिळाल्यापासून महिनाभरात. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होते? त्या बैठकीत हात वर झाले ते तीन. जास्त मागितले की फरकावर कोर्ट फी लागते, म्हणून वकिलाने बाईंना आकडा हिशोबाने धरायला लावला. "अमक्याने लाखात मागितले म्हणून आपणही" हे त्याने चालू दिले नाही.

तिसरा अनुभव सांगताना आमच्या एका कार्यकर्त्याला रडू आले. वडिलांचे अपील चालू होते, वकील नामांकित होता. वडील वारले. तेरवी झाली, वारसफेर झाला, पण वकिलाला कळवायचे कोणाला सुचले नाही. मृताचे वारस नव्वद दिवसांत कोर्टाच्या रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नाहीतर अपील आपोआप संपते. संपलेले अपील पुन्हा उठवायला आणखी साठ दिवस मिळतात, तेही उलटले. नंतर उशीर माफ करून घेण्यासाठी जी धावपळ झाली तिच्यात दोन हंगाम गेले. "वकिलाची चूक नव्हती, आमचीच होती," असे तो म्हणाला. घरात माणूस गेला तर तलाठ्याच्या आधी वकिलाला एक पोस्टकार्ड, आजच्या भाषेत एक फोन, हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा.

मुदतीचे म्हणाल तर ज्वारीच्या पेरणीसारखे आहे. वाफसा गेला की बी कितीही चांगले असो, उगवत नाही. निवाड्याचा पैसा उचलताना "हरकत राखून" असे लिहिले नाही, तर जुन्या कायद्यात कलम १८ चा रस्ताच बंद होतो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातले जे आधी संपेल ते. शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिले आणि तुम्ही कोर्टात गेलाच नव्हता, तर कलम २८-अ खाली त्या निकालापासून तीन महिन्यांत अर्ज करून तोच भाव मागता येतो. हायकोर्टातल्या अपिलाला नव्वद दिवस. नकलेचा अर्ज वेळेत केला असेल तर नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात.

१ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू झाला. त्याखालचे निवाडे असतील तर दाद कलम ६४ ने मागायची आणि हायकोर्टातले अपील कलम ७४ ने, साठ दिवसांत. सबळ कारण दाखवले तर आणखी साठ. त्याआधी जुन्या कायद्याने निवाडा झालेला असेल, तर प्रकरण साधारणपणे जुन्या कायद्यानेच पुढे जाते.

उशीर माफ होतच नाही असे नाही. सुप्रीम कोर्टाने १९८७ सालीच सांगितले की उशीर माफ करताना कोर्टाने उदार दृष्टी ठेवावी. पण माफी मिळाली तरी उशिराच्या काळाचे व्याज कोर्ट अनेकदा नाकारते. ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के असे वाढीव रकमेचे व्याज आहे. पाच वर्षे झोपलात तर काय गेले याचा हिशोब घरीच करा.

आता फीचे. याच्यावर बैठकीत सर्वांत जास्त आरडाओरड झाली. गावोगाव दलाल फिरतात. "एक पैसा देऊ नका, निकाल लागला की टक्के द्या." हातात रोकड नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे गोड लागते, ते आम्हाला समजते. पण निकालावर फी ठरवणे किंवा मिळालेल्या पैशात वाटा घेणे वकिलाला बार कौन्सिलच्या नियमाने मना आहे. ज्यांचा अनुभव चांगला होता त्या सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली: फी आधी ठरली, टप्प्याने दिली, पावती मिळाली आणि पैसा थेट आपल्या खात्यात आला. ज्यांनी कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या व्हाउचरवर सह्या केल्या त्यांच्या कहाण्या इथे छापण्यासारख्या नाहीत. पैसा नसेल तर एका निवाड्यातल्या सगळ्यांनी मिळून एक वकील करा, खर्च वाटला जातो. बाया, अनुसूचित जाती आणि जमाती यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागता येतो. तो भीक नाही, हक्क आहे.

शेवटचा अनुभव एका हरलेल्या शेतकऱ्याचा. त्याच्या वकिलाने आधीच सांगितले होते, "दोन मुद्द्यांवर आपण कमकुवत आहोत, तिसऱ्यावर लढू." हरल्यावर निकाल मराठीत समजावून सांगितला आणि म्हणाला, "सुप्रीम कोर्टात जाऊ नका, उरलेला पैसा शेतात घाला." तो शेतकरी उभा राहून म्हणाला, "मी हरलो, पण मला कोणी फसवले नाही." सभेत टाळ्या त्याला पडल्या. मोठा बंगला, मोठी गाडी, "जज्ज आपला आहे" ही बतावणी, यावरून वकील पारखू नका. तो कागद वाचतो का, कमकुवत बाजू तोंडावर सांगतो का आणि नको तिथे नको म्हणतो का, ते पाहा.

जिल्हा बैठकीला येताना आपापली पिशवी घेऊन या. निवाड्याची प्रत, नोटिसा पाकिटासकट, खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल, सातबारा, वकीलपत्राची प्रत आणि अपिलाचा नंबर. नंबर असला की मोबाईलवरही तारीख पाहता येते. ज्याला नंबर माहीत नाही त्याने लाजू नये, पण माहीत करून घेतल्याशिवाय घरी जाऊ नये. एका निवाड्यातले लोक एका रांगेत बसतील, पाकिटांवरच्या तारखा एकमेकांना वाचून दाखवतील, आणि ज्याची मुदत या महिन्यात संपते त्याचे काम त्या दिवशी सगळ्यांच्या आधी होईल.

– संपादक